प्रयोगशाळेत ९८, शेडवर ६१

“मॅडम, मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. घर तासगाव तालुक्यात, अडीच एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. प्रोजेक्टसाठी कॅमेऱ्यावरून बेदाणा निवडणारं मॉडेल केलं. हिरवा, पिवळा, काळा आणि काडीसकट असे चार प्रकार. लॅबमध्ये ९८ टक्के अचूकता आली. घरच्या शेडवर शंभर दाण्यांवर लावून पाहिलं तर ६१. तिथं लाईट नीट नव्हती. आबा हसले, म्हणाले, ‘यापेक्षा आपल्या निवडणाऱ्या बायका बऱ्या.’ गाईड सर म्हणतात, ९८ वर पेपर लिही, एक जर्नल तीन हजारांत तीन दिवसांत छापतं. मला रोबोटिक्स आणि कॉम्प्युटर व्हिजनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवण्यात, एम.टेक. किंवा पीएचडी करायची आहे. पण पुण्यात टेस्टिंगची नोकरी लागली आहे, जुलैत हजर व्हायचंय. आबांना वाटतं पीएचडी म्हणजे पाच वर्षं बिनपगारी. जिचं मॉडेल स्वतःच्या शेडवर चालत नाही, तिनं संशोधनाच्या गोष्टी कराव्यात का? आणि त्यासाठी सव्वा लाखाचा लॅपटॉप कर्जानं घ्यावा का?”

प्रिय तासगावकर,

आधी उत्तर देते, मग कारणं. संशोधनाकडे जरूर जा. जाताना ९८ घरी ठेव आणि ६१ बरोबर घे. तुझी मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांनी ९८ आणि ९९ टक्क्यांचे प्रोजेक्ट ढिगानं पाहिलेले असतात. “माझं मॉडेल आमच्याच शेडवर पडलं, आणि ते का पडलं ते मी शोधून काढलं,” असं सांगणारं पोर त्यांना क्वचित भेटतं. अट एकच, की ते ‘का’ तुला खरोखर सांगता आलं पाहिजे. आज ते येत नाही. “तिथं लाईट नीट नव्हती” एवढ्यावर तू विषय सोडून दिला आहेस, आणि खरं काम तर तिथूनच सुरू होतं.

पत्रासोबत जोडलेल्या अहवालात एक वाक्य जाता जाता आलंय. मोबाईलवर सहा व्हिडिओ काढले, त्यांच्या चार हजार फ्रेम (सुटी चित्रं) केल्या, आणि त्या पिसून ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला अशा वाटल्या. आता बघ. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये तेच दाणे, त्याच जागी, त्याच उजेडात असतात. फरक असलाच तर हाताच्या थरथरीचा. त्यातली एक शिकवण्याच्या ढिगात गेली आणि तिची शेजारीण तपासण्याच्या, की पेपर फुटला म्हणून समज. मॉडेलनं बेदाणा ओळखला असं म्हणता येत नाही, आधी पाहिलेले दाणे पुन्हा ओळखले एवढंच म्हणता येतं. तेव्हा ९८ वरून ६१ वर घसरण झाली हे मी मानत नाही. ९८ वर तू मुळात नव्हतीसच. याला डेटा लीकेज म्हणतात, आणि ते मोठमोठ्या ठिकाणीही होतं. लाजायचं कारण नाही, पण ठाऊक झाल्यावर तो आकडा कुठं लिहायचाही नाही.

उपाय सोपा आहे, कष्टाचा आहे. वाटणी फ्रेमची करू नकोस, शेडची कर. भावकीतल्या, शेजारच्या, मामाकडच्या अशा पाच-सहा शेडमधून वेगवेगळ्या लॉटचे दाणे आण. त्यातली एक शेड पूर्ण बाजूला ठेव. मॉडेल तयार होईपर्यंत त्या डब्याचं झाकण उघडायचं नाही. शेवटी एकदा उघडायचा आणि जो आकडा येईल तो लिहायचा. मग दुसरी शेड बाजूला ठेवून पुन्हा. असे पाच-सहा आकडे येतील, ते एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि त्यांच्यातली ती तफावतच तुझ्या अहवालातली सगळ्यात वाचनीय गोष्ट असेल. हो, आणि ते ६१ सुद्धा जपून वापर. शंभर दाण्यांवरचं ६१ म्हणजे खरा आकडा साधारण ५१ ते ७१ च्या मध्ये कुठंतरी. दाणे वाढव.

हे फक्त तुझ्याच बाबतीत घडलं असंही समजू नकोस. इमेजनेट हा फोटोंचा संग्रह फेई-फेई ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला, आणि पुढं जगभरच्या विद्यापीठांनी आपापली मॉडेलं त्यावर तोलली. २०१९ मध्ये बर्कलीच्या बेंजामिन रेक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं पण चिकाटीचं काम केलं. मूळ तपासणीचे फोटो ज्या रीतीनं जमवले होते, शक्य तितक्या त्याच रीतीनं नवे फोटो जमवले आणि नावाजलेली मॉडेलं त्यांच्यावर चालवली. अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी उतरली. ना नवं मॉडेल, ना नवा रोबोट. त्यांनी नवी परीक्षा काढली, बस. या क्षेत्रातल्या लोकांनी तो निबंध मन लावून वाचला. तू घरच्या शेडवर अजाणता जे केलंस ते जाणतेपणानं केलं की त्याला संशोधन म्हणायला माझी हरकत नाही.

आता उजेडाचं. तू पाठवलेले शेडवरचे दोन फोटो मी मोठे करून पाहिले, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

पहिल्या फोटोत दाणे निळ्या ताडपत्रीवर पसरलेत. लॅबमध्ये तू काळा कार्डबोर्ड घेतला होतास. मोबाईल ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला, म्हणजे चित्राचे रंग आपले आपण जुळवत असला, की चित्रात निळं फार आहे असं बघून तो निळा कमी करतो. निळा कमी झाला की सगळंच पिवळ्याकडं झुकतं. म्हणजे तुझा हिरवा बेदाणा मॉडेलपर्यंत पोचण्याआधी कॅमेऱ्यातच पिवळा होऊन बसला. तुझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त चुका हिरव्याला पिवळा म्हणण्याच्या आहेत, त्या इथूनच आल्या असाव्यात. ‘असाव्यात’ म्हणते, कारण हे तपासायचं काम तुझं आहे आणि त्याला चार फोटो पुरतात. तेच दाणे, तोच दिवा. एकदा निळ्या ताडपत्रीवर, एकदा करड्या कागदावर. दोन्हीकडं व्हाइट बॅलन्स आधी ऑटो आणि मग लॉक केलेला.

दुसऱ्या फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे आहेत. ते शेडनेटच्या सावलीचे वाटतात, पण तसे नाहीत, कारण ते दाण्यांवरून, ताडपत्रीवरून आणि कोपऱ्यात आलेल्या कुणाच्या तरी पावलावरून सरळ रेषेत गेलेत. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं जुनी ट्यूब आणि स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. मोबाईलचा सेन्सर मात्र चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीनं घेतो. शटर फार जलद ठेवलं तर काही ओळी उजेडात येतात, काही अंधुकात. शटर एक शतांश सेकंद किंवा त्याच्या पटीत ठेव, पट्टे जातील. एक्स्पोजर हातानं ठरवता येतं असं कॅमेऱ्याचं ॲप फुकट मिळतं.

तिसरी गोष्ट चमक. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून रॅकवर टाकतात हे मी तुला सांगायला नको. तयार हिरवा दाणा चांगला असला की तो तकाकतो, आणि उघड्या दिव्याखाली त्याच्यावर पांढरे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यात दाण्याचा रंग नसतोच, दिव्याचा असतो. दिव्यापुढं बटर पेपर किंवा पांढरं पातळ कापड लाव, उजेड पसरेल, ठिपके विरतील. हे सगळं करायला एका रविवारची दुपार पुरे. आणि मॉडेलला हात न लावता तुझा आकडा किती वर येतो ते बघ. माझा अंदाज आहे की तुला आश्चर्य वाटेल, पण अंदाजावर कुणी पदवी देत नाही.

उजेडाशी झगडणारी तू पहिली नाहीस. हान्स मोरावेक यांची ‘स्टॅनफर्ड कार्ट’ ही कॅमेऱ्याची गाडी १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेल्या एका खोलीतून आपली आपण पलीकडं गेली. वीसेक मीटरला तिला पाच तास लागले, कारण मीटरभर सरकली की फोटो घेऊन दहा-पंधरा मिनिटं गणित करत थांबायची. बाहेर उन्हात नेली तेव्हा एवढ्या वेळात सूर्य सरकायचा, सावल्या हलायच्या, आणि गाडीच्या हिशेबात गोंधळ व्हायचा. त्यानंतर कितीतरी वर्षांनी न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या गटानं द्राक्षवेलींची छाटणी करणारा रोबोट केला. २०१७ मध्ये त्यावरचा निबंध आला. तीन कॅमेरे वेलीचं त्रिमितीय चित्र उभं करतात, कुठली काडी ठेवायची ते प्रोग्राम ठरवतो, रोबोटचा हात कापतो. एका वेलीला साधारण दोन मिनिटं. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांनी वेलींच्या ओळीवरून जाणारी झाकलेली गाडी केली, सूर्याला बाहेर ठेवलं आणि आत आपले दिवे लावले. अमेरिकेत कार्नेगी मेलनच्या रोबोटिक्स इन्स्टिट्यूटच्या लोकांनी बागेतल्या पिकाचा अंदाज बांधायला फोटो काढले ते रात्री, दिवे घेऊन. एवढ्या हुशार माणसांनी आधी उजेड ताब्यात घेतला आणि मग मॉडेलचा विचार केला. तू मॉडेलपासून सुरुवात केलीस. सध्या सगळेच करतात, कारण मॉडेल फुकट डाऊनलोड होतं, उजेड होत नाही.

आता आबांकडं येते. “यापेक्षा आपल्या निवडणाऱ्या बायका बऱ्या” हे तुला टोमणा वाटलं. मला ती तुझ्या प्रोजेक्टवरची आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली सूचना वाटते. किती बऱ्या? मोजलंय कुणी? तुझ्या चार हजार फ्रेमवर ‘हिरवा’, ‘पिवळा’ अशी नावं कुणी लावली, तर तू आणि तुझ्या मैत्रिणीनं, हॉस्टेलच्या खोलीत बसून. ज्यांचे डोळे त्यावर तयार झालेत त्या बायकांना विचारलंच नाही.

असं कर. तीनशे दाणे घे, एकेक दाणा नंबर घातलेल्या खणात ठेव. अंड्यांचे ट्रे चालतील. दोन अनुभवी बायकांना वेगवेगळं बसवून प्रत्येक दाण्याची प्रत विचार आणि लिहून घे. त्यांचा वेळ जाईल, त्याची मजुरी दे. हे प्रोजेक्टच्या खर्चात धर, उपकारात नको. आठवड्यानं त्याच बायकांना तेच दाणे नंबर बदलून पुन्हा दाखव, या खेपेला संध्याकाळी. दोघींचं एकमेकींशी किती जुळतं, आणि प्रत्येकीचं स्वतःशी किती जुळतं, ते काढ.

हे काढताना नुसते टक्के मोजू नकोस. समज, शंभरात ऐंशी दाणे हिरवे आहेत. दोघींनी दाण्याकडं न बघताच शंभरातल्या ऐंशींना ‘हिरवा’ आणि उरलेल्या विसांना ‘हिरवा नाही’ म्हटलं, तरी निव्वळ योगायोगानं साधारण ६८ दाण्यांवर त्यांचं एकमत होईल. तेव्हा ९१ दाण्यांवर एकमत झालं, तर त्यातले ६८ फुकटचे. उरलेल्या ३२ पैकी २३ कमावलेले, म्हणजे ०.७२. हा हिशेब जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला, त्याला कप्पा म्हणतात, आणि तो शिकायला अर्धा तास लागतो. मग तुला कळेल की तुझ्या मॉडेलची खरी स्पर्धा कुणाशी आहे. दोन जाणकार बायकांचंच आपसात ०.७२ जुळत असेल, तर ‘९८ टक्के अचूक’ या वाक्याला काही अर्थ उरतो का? कुणाच्या मते अचूक?

अजून एक. काळा दाणा हिरव्याच्या बॉक्समध्ये गेला आणि हिरवा दाणा काळ्याच्या बॉक्समध्ये गेला, या दोन चुका तुझ्या तक्त्यात सारख्याच मोजल्या आहेत. सौद्याला व्यापारी बॉक्स उघडून मूठभर तळहातावर घेतो, तेव्हा त्या सारख्या नसतात. पहिलीनं सगळ्या लॉटचा दर पडतो, दुसरीत एक दाणा जातो. कुठल्या चुकीला किती वजन द्यायचं हे आबा तुला पाच मिनिटांत सांगतील. त्यांना विचार. तुझ्या प्रोजेक्टमध्ये त्यांचंही काहीतरी असू दे, मग हसणं कमी होतं असा अनुभव आहे.

थोडं कडू बोलते. धान्य, डाळी, बेदाणा यांच्यासाठी कलर सॉर्टर बाजारात आहेत. दाणे पट्ट्यावरून किंवा घसरणीवरून धावतात, कॅमेरा एकेक ओळ टिपतो आणि नको तो दाणा हवेच्या फुंकरीनं बाजूला उडतो. तेव्हा ‘कॅमेऱ्यानं बेदाणा निवडणं’ हा आता संशोधनाचा प्रश्न राहिलेला नाही, आणि ‘रोबोटच्या हातानं दाणा उचलणं’ तर त्याहून नाही. फुंकर जिथं भागवते तिथं हात कशाला? तुझ्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावरचं ते रोबोटिक आर्मचं चित्र काढून टाक, परीक्षक आधी त्यावरच बोट ठेवतील.

मग उरतं काय? बरंच. शेडमधल्या साध्या उजेडात, मोबाईलवर, छोट्या बागायतदाराला सौद्याआधी आपल्या लॉटची प्रत कळेल का? शेड बदलली की मॉडेल किती पडतं आणि नव्या शेडचे किती थोडे दाणे दाखवले की सावरतं? रॅकवर वाळणाऱ्या मालाचा रंग दिवसागणिक कसा बदलतो, आणि पावसाळी हवा आली की कॅमेरा ते माणसाच्या आधी ओळखतो का? रोबोटिक्सचीच ओढ असेल तर छाटणी आहे. परदेशातले ते प्रयोग उभ्या तारांवर चढवलेल्या वेलींवर झालेत. आपल्याकडं मांडव आणि वाय आकाराचे आधार, कॅमेऱ्यानं वर बघायचं, पाठीमागं आभाळ. शिवाय आपल्या ऑक्टोबर छाटणीत काप काडीवरच्या कुठल्या डोळ्यावर (अंकुरावर) घ्यायचा ते काडी तपासणीनंतर ठरतं. डोळ्याच्या आत घड आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, बाहेरून कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. हे तुला माहीत आहे. हैदराबाद किंवा बंगळुरूच्या लॅबमध्ये तुझ्या शेजारी बसणाऱ्याला बहुधा माहीत नसेल. त्याचं गणित तुझ्यापेक्षा पक्कं असेल, ते तू भरून काढशील.

जर्नलचं थोडक्यात. तीन दिवसांत छापणारं जर्नल निबंध वाचत नाही, पैसे मोजतं. आयसीआरए या रोबोटिक्सच्या मोठ्या परिषदेला सप्टेंबरात निबंध पाठवला तर निकाल जानेवारीत लागतो, कारण मध्ये तज्ज्ञ तो वाचतात आणि बहुतेक वेळा चिरफाड करतात. तीन हजारांचं ते पान नावावर असलं की चांगल्या लॅबमध्ये फायदा सोड, तोटाच होतो. निबंध छापल्याशिवाय पीएचडी मिळत नाही हेही आता सरसकट खरं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांतून ती सक्ती निघाली, संस्था आपापल्या अटी घालतात. सरांना नाही म्हणायची पंचाईत मी समजू शकते, अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. त्यांना म्हण, “सर, ट्रेन-टेस्टच्या वाटणीत मला चूक सापडली, ती दुरुस्त करून नवे आकडे आले की लिहिते.” यावर कुठलाही शिक्षक “नको, चुकीचेच छाप” असं तोंडानं म्हणू शकत नाही. पुढं मागं काम चांगलं झालं तर आयसीव्हीजीआयपी आहे, कॉम्प्युटर व्हिजनची भारतातली परिषद, १९९८ पासूनची. तिच्याकडं पाठव.

आता पैसे. आबांना सांग की चांगल्या संस्थेतली पूर्णवेळ पीएचडी सहसा बिनपगारी नसते. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं, आणि दोन वर्षांनी ती ४२,००० होते. गेट या प्रवेश परीक्षेवरून एम.टेक. केलं तर महिना १२,४००, यात हॉस्टेलचा खर्च जेमतेम निघतो, घरी पाठवायला उरत नाही. हेही त्यांना सांग, लपवू नकोस. पुण्याचा पगार यापेक्षा जास्त असेल तर तो जास्तच आहे, त्याला तत्त्वज्ञानानं उत्तर नाही.

म्हणून मी उलट तुला विचारते. बागेवर कर्ज आहे का, आणि त्याचे हप्ते तुझ्या पगारावर धरलेत का? धरले असतील तर जुलैत पुण्याला जा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. येत्या फेब्रुवारीत नोकरी करतानाच परीक्षा दे, २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, तुझ्या अभ्यासाला तो जवळचा पडेल. नोकरी एक-दोन वर्षं केली म्हणून संशोधनाचं दार बंद होत नाही. हप्त्यांचा भार तुझ्यावर नसेल आणि आबांचा विरोध नुसत्या काळजीपोटी असेल, तर मी जुलैत पुण्याला जाणार नाही. एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करीन, आणि सोबत गेटचा अभ्यास.

सरळ पीएचडीला मात्र घाई नको. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नियमानं अर्ज करता येतो, पण पाच वर्षं एका विषयाशी आणि एका मार्गदर्शकाशी बांधून घेण्याआधी दोन-तीन वर्षांचं संशोधनाचं एम.एस. किंवा एम.टेक. करून बघ. आयआयआयटी हैदराबादला रोबोटिक्स रिसर्च सेंटर आणि दृश्य माहितीवर काम करणारं सीव्हीआयटी अशी दोन्ही केंद्रं एकाच आवारात आहेत, तिथं संशोधनाचं एम.एस. आहे आणि प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची. बंगळुरूच्या आयआयएससीत रोबोटिक्स आणि स्वायत्त यंत्रणांचं एम.टेक. आहे. आयआयटी मद्रासला संशोधनाचं एम.एस. आहे. संस्थेचं नाव बघून अर्ज करू नकोस. तिथल्या प्राध्यापकांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन निबंध वाच. सीव्हीपीआरसारख्या कॉम्प्युटर व्हिजनच्या मोठ्या परिषदांचे निबंध फुकट वाचायला मिळतात. मग मेल लिही, आणि त्यात ६१ ची गोष्ट लिही. “आदरणीय सर, मला एआयची आवड आहे” अशा मेल ते उघडतही नाहीत.

अर्ज भरण्याआधी स्वतःला एक परीक्षा देऊन बघ. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन छापून तो कागद सपाट काचेवर घट्ट चिकटव, फुगा राहू देऊ नकोस. मोबाईलचा फोकस लॉक करून वेगवेगळ्या कोनांतून पंधरा-वीस फोटो काढ आणि ओपनसीव्ही या फुकटच्या प्रोग्राम-संचात कॅमेरा कॅलिब्रेशन चालव, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची मापं काढ. यातली रीत झेंगयू झांग यांनी २००० मध्ये मांडली आणि ती अजून चालते. मग त्या कॅमेऱ्यानं बेदाण्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोज, आणि तोच दाणा व्हर्नियरनं मोज. पहिल्यांदा जुळणार नाही. का जुळलं नाही ते शोध. काच पाच मिलिमीटर जाड होती आणि दाणे मात्र खाली टेबलावर होते असं निघालं, तर तीस सेंटिमीटरवरून बघताना तेवढ्यानंच सुमारे १.७ टक्के चूक होते. ही चूक सापडेपर्यंत तू जेवायचं विसरलीस तर हे क्षेत्र तुझं आहे. “एवढ्यासाठी कोण बसतंय” असं वाटलं, तर टेस्टिंगची नोकरी वाईट नाही, आणि व्हिजनची तयार साधनं वापरून उत्तम उत्पादनं करणारी माणसंही लागतातच. ‘रोबोटिक्स आयआयटीवाल्यांचं काम’ वगैरे जे तुला कुणी ऐकवलंय, त्यापेक्षा ही परीक्षा जास्त खरं सांगेल.

यातलं बेदाण्याचं काम मात्र आधी उरक. एप्रिल सरत आलाय, शेडवरचे शेवटचे लॉट उतरत असतील. एकदा माल कोल्ड स्टोअरेजला गेला की तुला वेगवेगळ्या शेडचे ताजे दाणे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मिळणार नाहीत. प्रत्येक लॉटचे दोन-तीन किलो हवाबंद डब्यात घेऊन ठेव, वर शेड, जात, रॅकवर टाकल्याची आणि उतरवल्याची तारीख लिही. सोनाका आणि थॉम्सन एका डब्यात भरू नकोस.

लॅपटॉप घेऊ नकोस. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ज्या मॉडेलनं हे सगळं क्षेत्र ढवळून काढलं, ते ३ जीबीच्या दोन गेमिंग ग्राफिक कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं होतं, आणि त्यात बारा लाख फोटो होते. तुझ्याकडं चार हजार फ्रेम आहेत. त्यांच्यासाठी कोलॅब आणि कॅगल या इंटरनेटवरच्या सेवांवर फुकट मिळणारा कॉम्प्युटरचा वेळ भरपूर झाला, आणि नसेल तेव्हा कॉलेजच्या लॅबमधला पीसी रात्री चालू ठेवायची परवानगी माग. खर्चच करायचा तर न लुकलुकणारे दोन चांगले एलईडी दिवे, रंग जुळवायला एक ग्रे कार्ड (करडा पुठ्ठा), मोबाईलचा स्टँड आणि व्हर्नियर घे. आणि त्या दोन बायकांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे बाजूला काढून ठेव.